दत्तक गेलेल्या सज्ञान व्यक्तीने स्वतःची फाइल कशी मिळवायची: आधी कागद, मग माणूस

पहिल्याच अर्जात बहुतेक जण एकच ओळ लिहितात: "माझ्या जन्मदात्या आईचं नाव आणि पत्ता मिळावा." तिथेच गाडी अडते. दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या माणसाला ही मागणी आपल्या अखत्यारीत मान्य करता येत नाही, म्हणून तो 'माहिती गोपनीय आहे' असं उत्तर देतो. अर्जदाराला वाटतं, संपलं सगळं.

कायद्यात या दोन वेगळ्या मागण्या आहेत. तुम्ही संस्थेत कसे आलात, कोणी आणलं, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या आदेशाने दत्तक गेलात, ही माहिती मागायचा हक्क तुमचा आहे. आईची आजची ओळख मात्र तिच्या खासगीपणाच्या हक्कात येते. दत्तक ग्रहण विनियम २०२२ मध्ये 'रूट सर्च'ची, म्हणजे दत्तक व्यक्तीने आपलं मूळ शोधण्याची, तरतूद आहे. तिचा मथितार्थ असा: १८ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती स्वतंत्रपणे अर्ज करू शकते. त्याहून लहान असेल तर दत्तक आईवडिलांसोबत मिळून अर्ज करावा लागतो. मूल सोपवताना आईवडिलांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर त्यांची लेखी संमती घ्यावी लागते. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडलेच नाहीत, तरी मूल कोणत्या कारणाने आणि परिस्थितीत सोपवलं ते तुम्हाला सांगायचं असतं. तुमच्या वतीने तिसऱ्याने शोध घ्यायला परवानगी नाही.

म्हणजे पूर्ण नकाराच्या प्रकरणातही हाती काहीतरी लागायला हवं. ते लागत नाही याचं कारण बहुधा पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो.

## १. तुमचं दत्तक कोणत्या वाटेने झालं, ते आधी ठरवा

हे न ठरवता केलेला अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन पडतो. आज सज्ञान असलेल्यांच्या बाबतीत साधारण चार शक्यता असतात.

पहिली, पालकत्वाचा आदेश. परदेशी कुटुंबात गेलेली जुनी प्रकरणं, तसंच भारतातल्या ख्रिस्ती, पारशी, मुस्लिम कुटुंबांतली प्रकरणं, 'गार्डियन्स अँड वॉर्ड्स' कायदा १८९० खाली चालायची. मुंबईत उच्च न्यायालयात, इतरत्र जिल्हा न्यायालयात. अशा कागदावर 'दत्तक' हा शब्दच नसतो. पालक नेमल्याचा आदेश असतो, आणि दत्तकविधान पुढे परदेशात झालेलं असतं.

दुसरी, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६. बहीण-भावाचं, नात्यातलं मूल घेतलं की बहुधा हीच वाट. यात दत्तकपत्र असतं, बहुतेकदा दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलं. बाल न्याय कायदा या दत्तकांना लागू होत नाही, त्यामुळे काराकडे (केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरण) त्यांची फाइल शोधण्यात अर्थ नाही. थेट दुय्यम निबंधकाकडे जा. तिथे 'ही नोंद कोणालाही देता येत नाही' असं सांगतील, आणि ते खरं आहे. पण नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार दस्तातून ज्याला हक्क मिळतो त्याला नक्कल मागता येते, आणि दत्तकपत्रातून हक्क मिळालेली व्यक्ती तुम्हीच आहात. अर्जात हे वाक्य लिहा. मात्र याच कायद्याखाली संस्थेतूनही मुलं दिली गेली आहेत. तसं असेल तर संस्थेची फाइल वेगळी मागावी लागते.

तिसरी, बाल न्याय कायद्याखाली न्यायालयाचा दत्तक आदेश. २००० च्या कायद्यानंतर, विशेषतः २००६ च्या दुरुस्तीनंतर, ही वाट रुळली. (१ सप्टेंबर २०२२ पासून असे आदेश जिल्हाधिकारी देतात, पण आज पंचविशीत असलेल्याचा त्याच्याशी संबंध नाही.)

चौथी शक्यता कोणाला ऐकायला आवडत नाही. प्रसूतिगृहातून मूल परस्पर दिलं गेलं आणि जन्मदाखल्यावर थेट दत्तक आईवडिलांचीच नावं जन्मदाते म्हणून चढवली गेली. असं झालं असेल तर दत्तकाची फाइल कधी तयारच झाली नाही. ती कितीही मागितली तरी मिळणार नाही, आणि त्यात संस्थेचा किंवा काराचा दोष नाही.

तपासा: घरात न्यायालयाचा आदेश, दत्तकपत्र किंवा संस्थेचं कुठलंही पत्र, यांपैकी एक तरी आहे का? काहीच नसेल, तर पुढे जाण्याआधी दत्तक आईवडिलांशी किंवा त्या काळच्या जाणत्या नातेवाइकांशी बोला. कायद्याने त्यांची परवानगी लागत नाही. पण माहिती त्यांच्याकडे असते.

## २. घरातले कागद: मूळ प्रत कोणालाही देऊ नका

न्यायालयाचा आदेश, चाइल्ड स्टडी रिपोर्ट (मुलाबद्दल संस्थेने केलेला अहवाल), वैद्यकीय तपासणी अहवाल, जुना पासपोर्ट, संस्थेने पाठवलेली पत्रं आणि फोटो, सगळं एकत्र करा. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा. संस्थेत दिलेलं नाव किंवा दाखल क्रमांक कधीकधी तिथेच पेन्सिलीने लिहिलेला असतो.

या ढिगात तीन गोष्टी शोधायच्या: संस्थेने दिलेलं नाव, दाखल रजिस्टरमधला क्रमांक आणि न्यायालयातला अर्ज क्रमांक व वर्ष. तुमचं आजचं नाव संस्थेच्या दप्तरात बहुधा नसतंच. तिथे तुम्ही 'मीना' किंवा 'अजय' असाल, आणि त्याच वर्षी तिथे आणखी दोन मीना असतील. दाखल क्रमांक असला की शोध मिनिटांत होतो.

परदेशात वाढलेल्यांनी तिथल्या दत्तक संस्थेची फाइल आधी मागवावी. भारतातून गेलेल्या अहवालांची प्रत तिथे असते, आणि इथलं दप्तर वाळवीने खाल्लं तरी तिथली प्रत शाबूत असू शकते. युरोपीय संघात राहत असाल तर डेटा संरक्षण नियमांनुसार (जीडीपीआर, कलम १५) स्वतःबद्दलच्या नोंदींची प्रत मागता येते. संस्था बंद पडली असेल तर तिचं दप्तर कुठे गेलं हे त्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाला विचारा.

सावधान: "ओरिजिनल दाखवा, मग बघू" असं कोणी म्हटलं तर दाखवा, पण ठेवून येऊ नका.

## ३. अर्ज: प्रश्न सुटे करून लिहा

अर्ज काराच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा. कारा १९९० साली स्थापन झाली, त्यामुळे १९७८ च्या दत्तकाची फाइल तिच्याकडे असण्याचा प्रश्नच नाही. तरीही अर्ज तिथेच करायचा, कारण संस्थेला, राज्य दत्तक संसाधन संस्थेला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला त्यांच्याकडची माहिती द्या असं विचारणं हे काराचं काम आहे. तुमचं साधं पत्र संस्था बाजूला ठेवू शकते. काराच्या पत्राचं उत्तर द्यावं लागतं.

ओळखीचा पुरावा, दत्तक किंवा पालकत्वाचा आदेश, नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा, हे सोबत हवंच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचे अर्ज इथे हटकून अडकतात: पासपोर्टवर एक नाव, आदेशात दुसरं, आणि मधला दुवा कुठेच नाही. विवाह दाखला आधीच जोडा.

मागणीचा भाग असा असावा. संस्थेला त्याची मराठी प्रत पाठवायची असेल तर हाच मजकूर चालेल:

"मी १८ वर्षे पूर्ण केलेली दत्तक व्यक्ती असून रूट सर्चसाठी स्वतः अर्ज करीत आहे. माझ्याबाबत आपल्या दप्तरी असलेली पुढील माहिती मिळावी: (१) संस्थेत दाखल झाल्याची तारीख, दाखल क्रमांक व मला दिलेले नाव. (२) मला कोणी व कोणत्या परिस्थितीत दाखल केले. (३) पोलीस ठाणे, रुग्णालय, बालन्यायालय किंवा बाल कल्याण समितीशी झालेला पत्रव्यवहार व आदेश. (४) चाइल्ड स्टडी रिपोर्ट व वैद्यकीय नोंदी. (५) सरेंडर डीड (मूल सोपवल्याचा लेख) असल्यास त्यातील कारणे. आणि जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती काय. (६) तशी विनंती असल्यास, त्यांची संमती विचारण्याची कार्यवाही व्हावी. संमती न मिळाल्यास, ओळख उघड न होणारी सर्व माहिती द्यावी."

सहावा मुद्दा मुद्दाम शेवटी आहे. पहिल्या पाच प्रश्नांना 'गोपनीय' हे सरसकट उत्तर देता येत नाही. सहावा अडला तरी बाकीचे पाच चालू राहतात.

तपासा: अर्जाची पोच आणि क्रमांक जपून ठेवा. पुढचा प्रत्येक पत्रव्यवहार त्याच क्रमांकाने करा; नवा ईमेल, नवा विषय असं दर वेळी केलंत तर दर वेळी नवं प्रकरण समजलं जातं.

इथेच मुखत्यारपत्राबद्दल. पुण्यातल्या मित्राला किंवा वकिलाला मुखत्यार करून शोधाचं काम सोपवायचं, हा परदेशातल्यांचा नेहमीचा बेत असतो, आणि तिसऱ्या व्यक्तीला मनाई या मुद्द्यावर तो कोसळतो. वकिलाकडून मसुदा करून घ्या, न्यायालयात त्याला उभं करा, संस्थेत सोबत न्या. पण अर्जदार तुम्हीच असा. आणि युरो-डॉलरमध्ये आगाऊ रक्कम घेऊन 'आई शोधून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. शोधून आणलेली बाई तुमचीच आई आहे, याची खात्री ते कशी देणार हे आधी विचारा.

## ४. अर्ज चालू असताना समांतर कामं

न्यायालय. आदेशाची प्रत असली तरी पूर्ण प्रकरणाची नक्कल मागा. अर्जासोबत जोडलेली प्रतिज्ञापत्रं, संस्थेचा अहवाल, बालन्यायालयाचा मूल दत्तक देण्यास मोकळं केल्याचा आदेश, हे सगळं त्यात असू शकतं. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर परदेशी प्रकरणांत स्वतंत्र समाजकल्याण संस्थेकडून छाननी होऊ लागली. तिचा अहवालही प्रकरणात असतो आणि त्याची एक प्रत त्या छाननी संस्थेकडेही राहिलेली असू शकते. नक्कल विभागात प्रकरण क्रमांक आणि वर्ष लागतं. नुसत्या नावावरून रेकॉर्ड रूममध्ये कोणी शोधत बसत नाही. जुन्या प्रकरणांतले काही कागद नियमानुसार नष्ट केलेले असतात, म्हणून 'मिळाला तर आदेश, शिल्लक असेल तर संपूर्ण प्रकरण' अशी मागणी करा.

रिमांड होम. १९८६ च्या बाल न्याय कायद्याआधी मुंबई बाल अधिनियम १९४८ चालायचा. त्या काळात सापडलेलं मूल पोलिसांमार्फत बालन्यायालयापुढे आणि तिथून संस्थेत जायचं. फाइलमध्ये 'रिमांड होम' दिसलं म्हणून दचकू नका. तुमच्यावर किंवा आईवर गुन्हा होता असा त्याचा अर्थ नाही.

रुग्णालय. इथे अपेक्षा कमी ठेवा. डॉक्टरांना रुग्णाचे केसपेपर तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे. चाळीस वर्षांपूर्वीचे केसपेपर मिळणं जवळपास अशक्य. प्रसूतीचं रजिस्टर मात्र कधीकधी राहतं.

माहिती अधिकार. हा चुकीचा रस्ता आहे, तरी लोक पहिल्यांदा इथेच वळतात. माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) चालत नाही. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती कलम ८(१)(ञ) खाली नाकारली जाते. एकदा लेखी नकार मिळाला की पुढचा प्रत्येक अधिकारी त्याचाच दाखला देतो. तुम्ही नागरिक असाल तर 'माझ्या अमुक क्रमांकाच्या रूट सर्च अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारायला तो वापरा.

## ५. फाइल हाती आली: आता ती नीट वाचा

घाई करायची नाही अशी ही एकच पायरी, आणि लोक घाई करतात ती इथेच.

आधी ठरवा, तुम्ही *सोपवलेलं* मूल की *सापडलेलं* मूल. सरेंडर डीड असेल तर आई किंवा आईवडील समोर आले होते. पोलीस ठाण्याची नोंद असेल, तर आईचं नाव कोणाकडेच नाही. संस्था लपवत नाहीये, तिलाही ते कधी कळलेलं नाही. अशा वेळी पोलिसांच्या नोंदीतली जागा, वेळ, कोणी पाहिलं, अंगावर काय होतं, हीच तुमची माहिती.

जन्मतारीख. सापडलेल्या मुलाची तारीख डॉक्टरांनी वजन आणि वाढ पाहून अंदाजाने लिहिलेली असते. त्या नेमक्या तारखेचं रजिस्टर उघडून 'नोंदच नाही' म्हणणं चूक. दाखल तारखेच्या आधीचे काही आठवडे चाळा.

आईचं नाव. अविवाहित मुलीने संस्थेत किंवा दवाखान्यात खोटं नाव सांगणं अगदी सर्रास होतं. नाव खरं असलं तरी ते माहेरचं असतं. लग्नात आडनाव आणि मधलं नाव तर बदलतंच, कितीतरी घरांत पाळण्यातलं नावही बदलतात. 'सुमन' आता 'वैशाली' असेल. शिवाय फाइल इंग्रजीत टाइप केलेली असेल तर तिथली अक्षरं मराठीत एकापेक्षा जास्त प्रकारे वाचता येतात: एकच स्पेलिंग 'काळे' आणि 'काले' दोन्ही होतं. मराठी वाचणाऱ्या माणसाकडून यादी करून घ्या.

गाव. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव ही गावं महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तालुक्याशिवाय गावाचं नाव म्हणजे काहीच नाही. जिल्हाही जुन्या नकाशाने वाचा. १९९५ च्या फाइलमध्ये 'जिल्हा अकोला' लिहिलेलं गाव आज वाशिममध्ये असू शकतं (वाशिम १९९८ ला वेगळा झाला). तसंच धुळ्यातून नंदुरबार (१९९८), परभणीतून हिंगोली (१९९९), भंडाऱ्यातून गोंदिया (१९९९), ठाण्यातून पालघर (२०१४). उस्मानाबाद आता धाराशिव, अहमदनगर अहिल्यानगर, औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी भागातली कित्येक गावं नव्या जागी वसवली गेली. नाव तेच, जागा वेगळी.

तपासा: सरेंडर डीडवर साक्षीदार, समाजसेविका, डॉक्टर यांची नावं आहेत का? निवृत्त समाजसेविकेची आठवण कधीकधी फाइलपेक्षा जास्त सांगते. तिच्याशी बोलायचं ते संस्थेमार्फत.

## ६. आईपर्यंत निरोप: तुम्ही स्वतः जायचं नाही

पत्ता हाती लागला तरी हा टप्पा संस्थेच्या किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समाजसेवकाचा आहे. यामागे नुसता नियम नाही. तिच्या नवऱ्याला, मुलांना, सासरच्यांना तुमच्याबद्दल काही माहीत नसण्याची शक्यता मोठी आहे. गावात जाऊन पोलीस पाटलाला, सरपंचाला किंवा चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारलंत, की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. तुमचं विमान परत जातं, तिला तिथेच राहायचं असतं.

पत्र पाठवू नका. घरात टपाल कोण उघडतं तुम्हाला ठाऊक नाही. तिचं नाव आणि फोटो फेसबुकवर टाकू नका. दत्तक प्रक्रियेतल्या संस्थांनाही जन्मदात्यांची माहिती जाहीर करायला बंदी आहे, ती तुम्ही चव्हाट्यावर आणलीत तर पुढे कोणी सहकार्य करणार नाही.

समाजसेवकाला लेखी द्या: तुम्हाला नक्की काय हवं आहे. एक भेट? फोनवर बोलणं? फक्त आनुवंशिक आजारांची माहिती? पर्याय जितके सुटे, तितकी होकाराची शक्यता जास्त. भेटायला नाही म्हणणारी बाई 'आमच्याकडे मधुमेह आहे, माझ्या आईला होता' एवढं सांगायला तयार होऊ शकते.

डीएनए चाचणी खात्रीसाठी चांगली, पण तिच्या मर्जीनेच. परदेशी कंपन्यांच्या डीएनए संचांतून भारतीयांना मिळणारे जुळणारे नातेवाईक बहुधा परदेशात स्थायिक झालेले दूरचे चुलत-मावस असतात. हा मार्ग जोडीला ठेवा, त्यावर भिस्त ठेवू नका.

सावधान: संमती मिळाली तर पहिली भेट संस्थेत किंवा तटस्थ जागी, समाजसेवक हजर असताना. दुभाष्या हवा असेल तर तिच्या गावचा, जातीचा, ओळखीतला नको.

## ७. उत्तर येत नाही किंवा नकार येतो तेव्हा

'फाइल सापडत नाही' आणि 'देता येत नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. कोणतं, ते लेखी घ्या. संस्था बंद असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि पुण्याच्या महिला व बालविकास आयुक्तालयाला दप्तर कोणाकडे सोपवलं ते विचारा. 'देता येत नाही' असेल तर कोणत्या तरतुदीखाली, आणि वरच्या सहा मुद्द्यांपैकी कोणते, हे विचारा. बहुतेक वेळा नकार सहाव्या मुद्द्याचा असतो आणि बाकीचे पाच त्याच्याखाली दडपलेले असतात. तरीही दाद लागली नाही तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. तिथे तुमचा व्यवस्थित सुटा केलेला अर्ज आणि त्यावरची लेखी उत्तरं, हाच मुख्य पुरावा ठरतो.

आईचा नकार असेल तर तो वेगळा विषय. त्यावर अपील नाही. मूल सोपवण्याची कारणं आणि परिस्थिती लेखी मागा, आणि 'पुढे मन बदललं तर' म्हणून तुमचा संपर्क संस्थेच्या फाइलमध्ये ठेवायला सांगा. संस्थेचा पत्ता किंवा तुमचा नंबर बदलला की ती नोंद अद्ययावत करा. हे काम लोक विसरतात.

आणखी एक गोष्ट समाजसेवकाला आधीच सांगून ठेवा. बऱ्याच घरांत पहिली भीती बदनामीची नसते, 'वाटणी मागायला आला' ही असते. बाल न्याय कायद्याच्या कलम ६३ नुसार दत्तक आदेशाच्या दिवसापासून जन्मघराशी असलेले कायदेशीर संबंध तुटतात. आदेशाआधीच तुमच्या नावावर आलेली मालमत्ता असेल तर तेवढी तुमचीच राहते. तुमचा कागद जुना पालकत्वाचा आदेश असेल तर हे कलम तसंच्या तसं लागू धरू नका, वकिलाला विचारा. पण तुम्हाला शेतजमिनीत हिस्सा नकोच असेल, तर तसं स्पष्ट लिहिलेलं एक साधं पत्र पहिल्या निरोपासोबत समाजसेवकाच्या हाती द्या.